पाच माशांची वंशावळ

कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे देवळांचे व तळ्यांचे नगर. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथेच गेले. कावेरीच्या पाण्यात आज सर्रास सापडणाऱ्या एका माशाला तमिळ लोक 'जिलेबी' म्हणतात. उजनीच्या काठी 'चिलापी' म्हणून विकला जातो, त्याच तिलापिया कुळातला हा मोझांबिक तिलापिया. त्याचे मूळ घर मात्र आग्नेय आफ्रिकेतील झांबेझीसारख्या नद्यांत.

तो आशियात आला कसा, याचे उत्तर कोणाजवळ नाही. जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका खाडीत 1939 च्या सुमारास मुजाईर नावाच्या गृहस्थांना असे अवघे पाच मासे सापडले, अशी नोंद आहे. इंडोनेशियात या माशाला आजही त्यांचेच नाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तो जावाभर पसरला, पुढे मलाया व थायलंडमध्ये गेला आणि 1952 साली बँकॉकहून भारतात आला. त्यानंतर तमिळनाडूच्या तळ्या-धरणांत तो सोडण्यात आला.

येथे साधे गणित मांडावे. प्रत्येक माशात एका जनुकाच्या दोन प्रती असतात. म्हणजे पाच माशांबरोबर एखाद्या जनुकाची फार तर दहा रूपे येऊ शकतात. आफ्रिकेत राहिलेली बाकीची रूपे मागेच राहिली. पुढच्या प्रत्येक मुक्कामी मूठभर मासेच नेले गेले आणि प्रत्येक वेळी आणखी काही रूपे गळत गेली. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने 1942 मध्ये याला 'संस्थापक परिणाम' असे नाव दिले. माशांची संख्या काही वर्षांत लाखांवर जाते. गमावलेले वैविध्य मात्र संख्येने परत येत नाही. नवी रूपे उत्परिवर्तनातून निर्माण व्हायला फार मोठा काळ लागतो.

या उणिवेची किंमत मत्स्यपालकांनाही मोजावी लागली. आशियातील तिलापियाचे वाण खुरटू लागले. तेव्हा 1988 पासून संशोधकांनी इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल येथून नाईल तिलापियाचे रानटी मासे फिलिपिन्सला आणले आणि त्यांतून निवडीने सुधारित वाण घडवला. त्याचे नाव 'गिफ्ट'. नवे बळ मिळाले ते मूळ नद्यांतूनच.

आता उलटे संकट उभे आहे. मत्स्यपालनासाठी नेलेला नाईल तिलापिया मोझांबिक तिलापियाच्या मायभूमीत शिरला असून दोघांचा संकर होत आहे. म्हणूनच 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने मोझांबिक तिलापियाची नोंद 'असुरक्षित' प्रजातींत केली. परक्या पाण्यात जो मासा अमाप आहे, तोच स्वतःच्या घरी धोक्यात आहे. कावेरीतील विपुलता झांबेझीतील हानी भरून काढू शकत नाही. जे वैविध्य प्रवासाला निघालेच नाही, ते तिथेच जपावे लागेल.