आतड्याच्या भिंतीतला बोगदा

खडकवासल्याच्या धरणातून सुटलेली मुठा पुण्यात एरंडवण्याच्या कडेने पुढे जाते. याच एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालय आहे. तिथल्या डॉ. अमोल बापये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली ‘डायजेस्टिव्ह एन्डोस्कोपी’ या नियतकालिकात एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. रुग्ण प्रौढ होता आणि आजार जन्मजात, हिर्शस्प्रंगचा. गुदद्वारातून दुर्बीण घालून, गुदाशयाच्या भिंतीतच बोगदा खणून, आवळलेला स्नायू आतल्या आत छेदला होता. पोटावर एकही टाका पडला नाही. माणसावर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदाच झाली होती. तिचं नाव पर-रेक्टल एन्डोस्कोपिक मायोटॉमी. तिचं कूळ मात्र अन्नमार्गाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, घशाच्या खाली सापडतं.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. घास आला की ते सैल पडतं. काही जणांत ते सैल पडतच नाही आणि घास वरच तुंबतो. या आजाराला आज अकॅलेझिया म्हणतात. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी 1674 साली अशा एका रुग्णावरचा उपाय लिहून ठेवला आहे. देवमाशाच्या तोंडातल्या चिवट पट्टीची काडी, तिच्या टोकाला स्पंजाचा बोळा. जेवण झालं की रुग्णाने ती घशातून उतरवायची आणि अन्न खाली ढकलायचं.

काडीच्या जागी सुरी यायला जवळजवळ अडीचशे वर्षं लागली. 1913 साली जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी पोट उघडून बाहेरच्या बाजूने तो स्नायू उभा चिरला, आतल्या नाजूक अस्तराला मात्र धक्का लावला नाही. स्नायू कापायचा आणि अस्तर राखायचं, ही या घराण्याची पहिली रीत. अस्तर आणि स्नायू दोन्ही आरपार फाटले, तर आतलं सगळं छातीत किंवा पोटात सांडतं आणि जंतुसंसर्गाने जीव जाऊ शकतो. पुढची शंभर वर्षं डॉक्टर मंडळी या एका भोकाच्या धास्तीभोवतीच फिरत राहिली.

दरम्यान आत डोकावण्याची सोय होत होती. 1868 मध्ये अडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या खेळकऱ्याच्या घशातून सरळ नळी उतरवून पाहिली, पण उजेड पुरला नाही. शरीर वळणावळणाचं, उजेड आणि नळी दोन्ही सरळ. ही कोंडी काचेच्या तंतूंनी फोडली. 1954 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि मूळचे पंजाबातले नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या वाकणाऱ्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. अमेरिकेत लॅरी कर्टिस यांनी तंतूवर दुसऱ्या काचेचा थर चढवला, त्यामुळे उजेडाची गळती थांबली. तशी लवचिक दुर्बीण बेसिल हिर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये आधी स्वतःच्याच घशात घातली.

दुर्बिणीतून दिसू लागलं, मग हात शिवशिवू लागले. जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचं प्रमाण मोठं. अगदी सुरुवातीची, अस्तरापुरती गाठ पोट न उघडता काढता यावी, यासाठी तिथल्या डॉक्टरांनी 1990 च्या दशकात एक कसब बसवलं. अस्तराखाली सुईने निळसर पाणी सोडायचं, अस्तर फुगून वर येतं, मग खालच्या मऊ थरातून गाठ अलगद सोडवायची. त्यासाठी केलेल्या एका विजेच्या सुरीच्या टोकाला चिनी मातीची गोळी बसवलेली असे. सुरी बाजूने कापे, पण गोळीमुळे खोल घुसत नसे. अस्तर आणि स्नायू यांच्यामधला हा थर इथे गाठ सोडवण्यापुरता कामी आला.

त्याच थराकडे स्नायूपर्यंतची वाट म्हणून पाहिलं ते 2007 साली, भारतीय वंशाचे पंकज जय पसरिचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. डुकरांच्या अन्ननलिकेत त्यांनी या मधल्या थरातून वाट काढली आणि आतूनच स्नायू चिरला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2008 मध्ये, जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी ती रीत माणसावर आणली आणि 2010 मध्ये 17 रुग्णांचा अहवाल दिला. पेरोरल एन्डोस्कोपिक मायोटॉमी हे तिचं पूर्ण नाव. डॉक्टर सरसकट ‘पोएम’ म्हणतात.

पोएम चालू असताना पडद्यावर काय दिसतं? दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी असते. निळं पाणी सोडून अस्तर उचललं जातं, त्यावर दोनेक सेंटिमीटरची चीर देऊन दुर्बीण आत शिरते. समोर निळसर जाळीदार तंतू, ते एकेक करत कापायचे, आडवी आलेली रक्तवाहिनी आधी जाळून बंद करायची. एका अंगाला अस्तराची पाठ, दुसऱ्या अंगाला स्नायूची गोल कडी. आत साधी हवा न भरता कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो बाहेर झिरपला तरी शरीरात चटकन शोषला जातो. बोगदा पुरेसा लांब झाला की स्नायू चिरायचा, बाहेर यायचं आणि तोंडाची चीर चिमट्यांनी मिटवायची. खुबी अंतरात आहे. अस्तरावरची चीर वर, स्नायूवरची खाली, मधे साबूत अस्तराचा पदर. त्यामुळे दोन्ही चिरा समोरासमोर येत नाहीत आणि आरपार भोक पडत नाही.

एकदा वाट सापडल्यावर भावंडं झपाट्याने वाढली. शांघायमध्ये याच बोगद्यातून भिंतीतल्या गाठी काढल्या गेल्या, तर 2013 मध्ये अमेरिकेत जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू असाच चिरला गेला. आणि मग पुणे.

कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅरल्ड हिर्शस्प्रंग यांनी 1886 मध्ये वर्णन केलेल्या आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी पोहोचलेल्याच नसतात. तेवढा भाग आवळलेला राहतो आणि त्याच्या वरचं आतडं मळ साठून फुगतं. बरीच वर्षं शल्यविशारद फुगलेलं आतडंच रोगट समजून कापत राहिले. खडकवासल्याचे दरवाजे अडकले तर जलाशय तुडुंब भरेल, पण दुरुस्ती करायची ती दरवाजाची. 1948 साली ऑर्व्हर स्वेन्सन यांनी हे ओळखून खालचा आवळलेला भाग काढला आणि निरोगी आतडं खाली ओढून जोडलं. बाळांसाठी आजही याच धाटणीची शस्त्रक्रिया मुख्य उपचार आहे.

आजार प्रौढपणी कळला आणि मज्जापेशी नसलेला भाग आखूड असला, तर दुखणं अकॅलेझियासारखंच उरतं: सैल न पडणारा स्नायू आणि त्याच्या वर तुंबलेला माल. पुण्याच्या चमूने हे साम्य पकडलं. दुर्बीण, निळं पाणी, बोगदा, चिमटे, सगळं आधीपासून हाताशी होतं. भर पडली ती निदानाच्या नजरेची.

या छेदाने नसलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत, फक्त वाटेतला अडसर कमी होतो. म्हणून आधी आतड्याचा तुकडा तपासून आणि दाब मोजून तो भाग किती लांब आहे हे ठरवावं लागतं. तो लांब निघाला, तर बोगद्याचा नाद सोडून स्वेन्सन यांची जुनी वाटच धरावी लागते.