अकरा महिन्यांचं घर

डोंबिवली स्टेशनालगतच्या कुठल्याही गल्लीत, इस्टेट एजंटच्या दुकानात पाच मिनिटं बसलं तर एक आकडा हमखास कानावर पडतो: अकरा महिने. भाड्यावर घासाघीस होते, डिपॉझिटवर होते, दलालीवर तर होतेच. मुदतीवर मात्र कुणी बोलत नाही. मालक विचारत नाही, भाडेकरूही विचारत नाही. बारा का नाहीत, हा प्रश्न मलाही पन्नाशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

आमच्या घरात हा आकडा एका कुलपासोबत आला. बाबांची बदली झाली तेव्हा डोंबिवलीतली आमची दोन खोल्यांची जागा सहा वर्षं बंद होती. हप्ते चालू होते, पैशांची ओढाताण होती. "भाड्यानं द्या की," आई म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं: "एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही." बाबा भित्रे नव्हते आणि कुणाचं वाईट चिंतणारेही नव्हते. त्यांच्या त्या भीतीला एक तारीख होती, हे मला फार उशिरा कळलं.

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. मुंबईत माणसं वाढत होती आणि बांधकाम थंडावलं होतं. घरमालक मनाला येईल ते भाडं मागू लागले, म्हणून 1918 साली सरकारनं भाड्यावर पहिला लगाम घातला. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा घडलं. मग आला 1947चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, 13 फेब्रुवारी 1948 पासून लागू. त्यानं 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं चालू होतं, तेच 'प्रमाण भाडं' ठरवलं. त्यानंतर पहिल्यांदा भाड्यानं गेलेल्या जागेचं पहिलं भाडं हेच तिचं प्रमाण भाडं. नियमित भाडं भरणाऱ्याला ठरावीक कारणांशिवाय काढता येणार नाही, आणि पागडी घेणं हा गुन्हा.

फाळणीचं वर्ष होतं. निर्वासितांचे लोंढे येत होते, गिरण्यांत माणसं भरली होती. हा कायदा नसता तर हजारो कुटुंबं रस्त्यावर आली असती, हे विसरून चालणार नाही. पण कायदा होता तात्पुरता. त्याची मुदत संपायची आणि पुन्हा वाढवली जायची, असं पन्नास वर्षं चाललं. महागाई वाढत गेली, भाडं जागच्या जागी राहिलं.

मालकांनी पळवाट शोधली. 1882च्या सुखाधिकार कायद्यात 'लायसन्स' नावाची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या जागेत काही करण्याची निव्वळ परवानगी. जागेवर हक्क नाही. भाडेकरू म्हणून घेतलं तर भाडे कायदा लागतो; लायसन्सवर ठेवलं तर लागत नाही. मग कागदावर 'भाडं' हा शब्दच येईनासा झाला. 'लिव्ह अँड लायसन्स' आलं, 'नुकसानभरपाई' आली. माणूस तोच, खोली तीच, महिन्याचे पैसे तेच. नुसत्या नावानं भाडेपट्ट्याचा लायसन्स होत नाही, दोघांचा खरा हेतू पाहावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1959 सालीच सांगितलं होतं. पण प्रत्येक खोलीचा हेतू तपासायला कोर्टात कोण जाणार?

उत्तर सरकारनं दिलं. 1973 साली कायद्यात 15-अ हे कलम घातलं: 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो चालू लायसन्सवर जागेत राहत असेल, तो त्या दिवसापासून भाडेकरू. कालपर्यंत पाहुणा असलेला माणूस एका रात्रीत संरक्षित झाला. ज्यांची खरोखर फसवणूक होत होती त्यांना न्याय मिळाला. पण ज्यानं बदलीच्या काळापुरती आपली एकुलती एक जागा ओळखीच्या माणसाला वापरायला दिली होती, त्याचीही जागा अडकली.

खरं तर हे संरक्षण त्या तारखेपुरतंच होतं. नंतरच्या लायसन्सना ते लागू नव्हतं. बाबांनी जागा बंद केली तेव्हा 1973 मागे पडलं होतं आणि कायद्याच्या दृष्टीनं त्यांना भिण्याचं कारण नव्हतं. पण एकदा जे झालं ते पुन्हा होणार नाही, याची हमी कोण देणार? माणसं कलमं वाचून घाबरत नाहीत, शेजाऱ्याची जागा गेलेली पाहून घाबरतात. बाबांच्या कुलपाची तारीख ती होती: 1 फेब्रुवारी 1973.

आणि अकरा महिने? ते आणखी जुन्या कायद्यातून आले. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, असं मालमत्ता हस्तांतरणाचा 1882चा कायदा सांगतो. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी टळते, खर्च वाचतो. लायसन्सच्या कागदानंही तीच मुदत उचलली.

1997च्या डिसेंबरमध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अन्याय्य झाली असल्याचं म्हटलं. नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999. जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ घेण्याची मुभा मिळाली. पागडी गुन्हा राहिली नाही. लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायची वाट कलम 24नं दिली. तोवरच्या दिवसांसाठी दुप्पट रक्कमही मागता येते. आणि कलम 55नं सांगितलं, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकली तर शिक्षा आहेच, शिवाय वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं मानून सुरुवात होते. खोडून काढणं मालकाच्या माथी.

म्हणजे अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी सुटली नाही. ज्या कारणासाठी हा आकडा जन्मला, ते कारण महाराष्ट्रात त्याच दिवशी संपलं. आकडा मात्र टिकला.

या इतिहासाची किंमत डोंबिवलीत दोन ठिकाणी दिसते. एक, जुन्या भाडेकरूंच्या इमारतींत. समजा, 1962 साली खोली 20 रुपयांना दिली. चार टक्क्यांची वाढ चक्रवाढीनं धरली तरी आज भाडं साठच्या आत. मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं नोटीस देऊन ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, असं कायदा म्हणतो. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे दोनशेहूनही कमी. यात सिमेंटची एक गोणी येत नाही. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी 1969च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं. डोंबिवली त्याच्या हद्दीबाहेर. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, तेव्हा भाडेकरू हक्क जाईल म्हणून जागा सोडत नाही आणि मालक पडायची वाट पाहतो. दोघंही एकाच स्लॅबखाली उभे असतात.

दुसरी किंमत नवा भाडेकरू भरतो, ज्याचा या जुन्या भांडणाशी काही संबंध नाही. दर अकरा महिन्यांनी पुन्हा दलाली, पुन्हा टेम्पो, गॅसचा पत्ता, मुलांची शाळेची रिक्षा. जुन्या भाडेकरूला कायद्यानं इतकं घट्ट धरलं, की नव्याला धरायला हातच उरला नाही.

बाबा गेल्यावर ती जागा माझ्याकडे आली. गेल्या वर्षी एक जोडपं बघायला आलं, सोबत पहिलीतली मुलगी. एजंटनं सवयीनं अकरा महिने म्हटलं. जाताना ती बाई दारात थांबली. "काका, तीन वर्षांचं होईल का? हिची शाळा बदलायला नको."

मी रात्री कायदा काढून बसलो. लायसन्सवर पाच वर्षांपर्यंत, म्हणजे साठ महिने देता येतं. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. माझ्या हातून काही निसटत नव्हतं. तरी सही करताना हात क्षणभर अडखळला. बाबांचं वाक्य आठवलं.

करार छत्तीस महिन्यांचा झाला, नोंदवला. मुलगी आता दुसरीत आहे, शाळा तीच.