पाव मिळेनासा झाला तेव्हा : ग्लुटेनच्या शोधाचा इतिहास

१/ सप्टेंबर १९४४. लंडनस्थित डच सरकारच्या आवाहनावरून नेदरलँड्समधील रेल्वे कामगारांनी संप पुकारला. प्रत्युत्तरादाखल जर्मनांनी पश्चिम भागाची अन्नवाहतूक रोखली. त्या हिवाळ्यात सुमारे २०,००० माणसे दगावली. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. याच उपासमारीशी एका वैद्यकीय शोधाची कथा जोडली गेली आहे.

२/ आजाराचे नाव सिलिअ‍ॅक. जुलाब, फुगलेले पोट, काटकुळे हातपाय, खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. अरेटियस या प्राचीन ग्रीक वैद्याने अशा विकाराचे वर्णन केले होते. नावाचे मूळही ‘कोइलिया’ म्हणजे पोट या ग्रीक शब्दात आहे.

३/ १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल जी यांनी या विकाराचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले. उपाय असलाच तर तो आहारात आहे, हे त्यांनी ओळखले. परंतु दोषी पदार्थ त्यांना सापडला नाही.

४/ १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारली आणि श्रेय केळ्याला मिळाले. वस्तुतः त्या आहारातून पाव वगळलेला होता, याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही.

५/ हेगमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३० च्या दशकातच आला होता. दुष्काळात पाव दुर्मीळ झाला तेव्हा ही मुले सुधारली आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडली, असे सांगितले जाते. म्हणजे दुष्काळाने संशयाला बळ दिले. त्याचा जन्म मात्र आधीचा.

६/ आख्यायिका म्हणजे पुरावा नव्हे. डिके यांनी गहू कधी वगळून, कधी पुन्हा देऊन मुलांच्या वजनाच्या नोंदी ठेवल्या व १९५० मध्ये उट्रेख्ट येथे प्रबंध सादर केला. व्हान डे कामर आणि वायर्स यांच्यासह विष्ठेतील चरबी मोजून त्यांनी गव्हातील ग्लुटेनचा दोष सिद्ध केला.

७/ १९५० च्या दशकात तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा तपासणे शक्य झाले. १९९७ मध्ये रुग्णाचे प्रतिपिंड शरीरातील कोणत्या विकरावर हल्ला करतात, ते कळले. आजची प्रमुख रक्तचाचणी त्यावरच आधारलेली आहे.

८/ म्हणूनच चाचणीपूर्वी गहू सोडू नये; सोडल्यास निष्कर्ष फसवा येऊ शकतो. शेकडो पदार्थांची ‘संवेदनशीलता’ सांगणाऱ्या आयजीजी चाचण्या निदानासाठी ग्राह्य नाहीत. ते प्रतिपिंड बहुधा तो पदार्थ खाल्ल्याचीच खूण असतात.

९/ केळ्याला चुकून श्रेय मिळाल्यापासून डिके यांचा प्रबंध येईपर्यंत २६ वर्षे गेली. काय खाल्ल्याने बरे वाटले, एवढेच पाहून भागत नाही. काय खाणे थांबले, हेही पाहावे लागते.