एकदा सिझर, मग पुढे?

'एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रसूतिगृहाच्या बाकावर ऐकू येतं. सासू सुनेला सांगते, जाऊ जावेला सांगते, आणि बऱ्याचदा डॉक्टरही तेच सांगतात. निसर्गाचा नियम असावा अशा थाटात बोललं जाणारं हे वाक्य मे १९१६ मध्ये न्यू यॉर्कमधल्या डॉक्टरांच्या एका सभेत पुढे आलं. ते उच्चारणारे एडविन क्रॅगिन हे तिथल्या स्लोन रुग्णालयातले नामांकित प्रसूतितज्ज्ञ होते आणि त्या दिवशी त्यांचा विषय होता संयम. तरुण डॉक्टर हातात सुरी घ्यायला फार उतावीळ झाले आहेत, हे त्यांना खटकत होतं. पहिलं सिझर करण्यापूर्वी दहादा विचार करा, कारण त्याचं ओझं त्या बाईला पुढच्या प्रत्येक बाळंतपणात वाहावं लागतं, असा त्यांचा सांगावा होता. याला अपवाद आहेत, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. त्यांच्याच एका रुग्णाला सिझरनंतर तीन मुलं विनासायास झाली होती.

पुढच्या पिढ्यांनी सांगावा आणि अपवाद दोन्ही सोडून दिले. पहिलं सिझर टाळण्यासाठी केलेला इशारा दुसरं सिझर करण्याचा आदेश बनला.

क्रॅगिन यांच्या काळापुरतं हे वाक्य बरोबर होतं. त्यासाठी तेव्हाचं सिझर कसं होतं ते पाहायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सिझर म्हणजे आईचं मरण जवळपास ठरलेलं. मूल बाहेर काढल्यावर बहुतेक शल्यविशारद गर्भाशयाला टाकेच घालत नसत. ते आपोआप आकसेल, आतले टाके पुन्हा काढता येणार नाहीत आणि त्यांनी पू होईल, अशी पक्की समजूत होती. उघड्या जखमेतून रक्त पोटात उतरत राही आणि उरलेलं काम जंतुसंसर्ग करी. १८७६ मध्ये इटलीतल्या पाव्हिया इथे एदुआर्दो पोर्रो यांनी यावर जालीम तोडगा काढला. मुडदुसाने ओटीपोटाची हाडं वाकडी झालेल्या ज्युलिया कावालिनी या तरुणीचं बाळ काढल्यावर त्यांनी तिचं गर्भाशयही कापून काढलं. ती जगली. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, पण दुसऱ्या खेपेचा प्रश्नच त्याबरोबर संपला.

तो प्रश्न पुन्हा उभा केला माक्स सेंगर या जर्मन डॉक्टरांनी. १८८२ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, लाइपझिगमध्ये त्यांनी गर्भाशय चांदीची तार आणि रेशीम वापरून काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली. आता बाई वाचू लागली, गर्भाशयही वाचू लागलं आणि ती पुन्हा गरोदर राहू लागली. मात्र छेद होता उभा, गर्भाशयाच्या वरच्या जाड भागात. कळा येतात तेव्हा सगळा जोर याच भागाचा असतो. व्रण नेमका तिथे असला तर तो ताणला जाऊन फाटायची धास्ती. आजचा अंदाज असा की असा उभा व्रण असलेल्या शंभरातल्या ४ ते ९ स्त्रियांचं गर्भाशय पुढच्या खेपेला फाटू शकतं, काहींचं तर कळा सुरू होण्यापूर्वीच. १९१६ मध्ये रक्तपेढी नव्हती, प्रतिजैविकं नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरने धोका पत्करला नाही, तर त्याला दोष देता येत नाही.

मग छेदच बदलला. ग्लासगो हे धुराने काळवंडलेलं, सूर्यप्रकाशाला मुकलेलं शहर. तिथे मुडदूस घरोघरी आणि अडलेली बाळंतपणंही भरपूर. तिथल्या जॉन मार्टिन मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला. हाइडेलबर्गजवळ फर्डिनांड केरर यांनी १८८१ मध्येच असा छेद घेऊन पाहिला होता, पण तो विस्मरणात गेला होता. खालचा भाग कळांच्या वेळी जोर लावत नाही, नुसता ताणला जातो. तिथे रक्तस्राव कमी, जखम भरते छान आणि व्रण टिकतो. असा व्रण घेऊन कळा सोसणाऱ्या साधारण दोनशे स्त्रियांपैकी एकीचं गर्भाशय फाटतं. शतकाच्या मध्यापर्यंत जगभर हाच छेद रूढ झाला.

इथे एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी. पोटावरचा व्रण आतल्या व्रणाबद्दल काहीच सांगत नाही. कातडीवर आडवी रेघ असली तरी आत उभा छेद असू शकतो, आणि उलटही. खरी माहिती असते ती जुन्या कागदात.

छेद बदलला तरी अमेरिकेत वाक्य बदललं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सिझरनंतरच्या स्त्रीला कळा येऊ देणं सर्रास चालू होतं. अमेरिकेत १९८० मध्येही अशा शंभर स्त्रियांपैकी जेमतेम तीन-चार जणींचं बाळंतपण नॉर्मल होत होतं. दरम्यान पहिल्या सिझरचं प्रमाणच भराभर वाढलं. बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारी यंत्रं आली, पायाळू बाळाला हाताने सोडवण्याचं कसब मागे पडलं. १९७० मध्ये ५.५ टक्के असलेलं सिझरचं प्रमाण १९८० मध्ये १६.५ टक्क्यांवर गेलं. या वाढीला दुसऱ्या-तिसऱ्या सिझरचाही मोठा हातभार होता, कारण पहिलं वाढलं की पुढची आपोआप वाढणार.

पहिला आवाज उठवला तो स्त्रियांनी. बॉस्टनच्या परिसरात १९७३ मध्ये सिझर झालेल्या आयांचा एक गट उभा राहिला. त्यातल्या नॅन्सी वेनर कोहेन यांनी लॉइस एस्टनर यांच्यासोबत १९८३ मध्ये 'सायलेंट नाइफ' हे पुस्तक लिहिलं. सिराक्यूजमध्ये एस्थर झोर्न यांनी १९८२ मध्ये अनावश्यक सिझरविरोधी चळवळ सुरू केली. सरकारी आरोग्य संस्थेने १९८० मध्ये तज्ज्ञांची परिषद बोलावली आणि खालचा आडवा छेद असलेल्या स्त्रीला नॉर्मल बाळंतपणाची संधी देणं सुरक्षित आहे, असा निर्वाळा तिथे मिळाला. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही मग वाट मोकळी केली. १९९६ पर्यंत सिझरनंतरच्या नॉर्मल बाळंतपणाचं प्रमाण २८.३ टक्क्यांवर पोहोचलं.

गाडी नेमकी इथेच घसरली. विमा कंपन्यांच्या लक्षात आलं की नॉर्मल बाळंतपण स्वस्त पडतं. काहींनी पहिलं सिझर झालेल्या प्रत्येक स्त्रीला कळांची सक्ती सुरू केली; आतला व्रण कसा आहे, तिची इच्छा काय आहे, हे विचारलंही जात नव्हतं. कळा लवकर याव्यात म्हणून औषधं सढळ हाताने दिली गेली, त्यात मिसोप्रोस्टॉलही होतं. पुढे कळलं की जुना व्रण असलेल्या गर्भाशयावर हे औषध घातक ठरतं. गर्भाशयं फाटली, बाळं दगावली, काही मेंदूला इजा होऊन जगली, खटले उभे राहिले. कालपर्यंत ज्या स्त्रियांना सक्तीने ऑपरेशन टेबलवर नेलं जात होतं, त्यांनाच आता सक्तीने कळा सोसायला लावलं. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्याचाच होता, आणि या इतिहासातली सर्वांत चीड आणणारी बाब हीच आहे.

२००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या २०,०९५ स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कळांविना थेट सिझर केलं तर हजारी १.६ जणींचं गर्भाशय फाटलं होतं. कळा आपोआप आल्या तर ५.२, इतर उपायांनी आणल्या तर ७.७, आणि प्रोस्टाग्लँडिन गटातल्या औषधांनी (मिसोप्रोस्टॉल त्यातलंच) आणल्या तर २४.५. नीट वाचलं तर याचा अर्थ सरळ होता: कळा आपसूक येऊ द्या, ती औषधं वापरू नका. पण लोकांच्या मनात उरलं ते एवढंच की नॉर्मलचा नाद धोक्याचा.

त्याआधी १९९९ मध्येच संघटनेच्या मार्गदर्शक सूचनेत एक बारीक बदल झाला होता. तातडीच्या सिझरची सोय 'सहज' उपलब्ध असावी, असं पूर्वी म्हटलं होतं. आता 'तात्काळ' हा शब्द आला. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ कळा चालू असेपर्यंत इमारतीतच हवेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. लहान गावातल्या रुग्णालयाला हे परवडणं शक्य नव्हतं. शेकडो रुग्णालयांनी सिझरनंतरच्या नॉर्मल बाळंतपणावर बंदी घातली, विमा कंपन्यांनी डॉक्टरांना दम भरला आणि २००६ पर्यंत त्याचं प्रमाण ८.५ टक्क्यांवर कोसळलं. बाईचं शरीर तेच, व्रण तोच. बदलली होती ती इमारतीची आणि वकिलांची परिस्थिती.

अपवाद एका अनपेक्षित ठिकाणी टिकला. ॲरिझोनाच्या वाळवंटात नव्हाहो आदिवासींच्या भूमीवर ट्युबा सिटी नावाचं गाव आहे. तिथल्या रुग्णालयात बहुतेक बाळंतपणं प्रशिक्षित सुईणी करत, डॉक्टर पगारी होते आणि खटल्यांचा भार त्यांच्या खिशावर नव्हता, तो केंद्र सरकार उचलत होतं. २०१० च्या सुमारास देशात सिझरचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर असताना इथे ते १३.५ टक्के होतं, आणि आधी सिझर झालेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रिया नॉर्मल बाळंत होत होत्या. पंचतारांकित सोयींचं हे रुग्णालय नव्हे. सुईण कळांच्या वेळी तासन् तास शेजारी बसते आणि डॉक्टरला ऑपरेशनमागे जास्त पैसे मिळत नाहीत, या दोन गोष्टींनी केवढा फरक पडतो ते इथे दिसतं.

जुना व्रण असलेली स्त्री कळा सोसत असते तेव्हा त्या खोलीत काय चालतं? हाताला सलाईनची सुई लावलेली, रक्तगट जुळवून ठेवलेला, ऑपरेशन थिएटर तयार. पोटावर पट्टा, आणि शेजारच्या यंत्रातून बाळाच्या ठोक्यांचा आलेख सरकत असतो. सगळ्यांचं लक्ष त्या रेषेवर, कारण व्रण फाटू लागला तर बहुधा पहिली खबर आईच्या वेदनेतून नव्हे, तर बाळाच्या घसरत्या ठोक्यांतून मिळते. नर्स मधूनमधून नाडी पाहते, दोन कळांच्या मध्ये टाक्यांच्या जागी दुखतंय का ते विचारते. काही बिनसलं तर मिनिटांचा खेळ असतो. बहुतेक वेळा काही बिनसत नाही: २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात कळा सोसणाऱ्या १७,८९८ स्त्रियांपैकी ७३.४ टक्के नॉर्मल बाळंत झाल्या, आणि ०.७ टक्के जणींचं गर्भाशय फाटलं.

दोन सिझर झालेल्यांचं काय? त्याच समूहातल्या, एकाहून अधिक सिझर झालेल्या ९७५ स्त्रियांचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. गर्भाशय फाटण्याचं प्रमाण ०.९ टक्के होतं, म्हणजे एक सिझर झालेल्यांपेक्षा फारसं वेगळं नाही. ६६ टक्के नॉर्मल बाळंत झाल्या. २०१० मध्ये संघटनेने दोन आडव्या छेदांनंतरही हा पर्याय विचारात घेता येईल, असं मान्य केलं.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे बाकावरच्या गप्पांत कधी येत नाही. दर सिझरगणिक वार गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुजून बसण्याचा धोका वाढत जातो. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्त्रियांमध्ये पहिल्या सिझरच्या वेळी हा धोका ३ टक्के असतो, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४०. मग रक्तस्राव आवरताना अनेकदा गर्भाशयच काढावं लागतं. दोनच मुलं हवी असतील तर हा हिशोब हलका. तिसऱ्या-चौथ्याचा विचार असेल तर जड.

महाराष्ट्रात हा प्रश्न आता घराघरात आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातलं सिझरचं प्रमाण २०.१ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते २५.४ झालं, गोव्यात ३९.५. देशभरात खाजगी रुग्णालयांत ४७.४ आणि सरकारी रुग्णालयांत १४.३. म्हणजे जुना व्रण घेऊन दुसऱ्या खेपेला येणाऱ्या बायांची संख्या दरवर्षी वाढतेच आहे. तालुक्याच्या गावी एकच डॉक्टर चालवत असलेल्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येतो आणि रक्त जिल्ह्याहून आणावं लागतं. तिथला डॉक्टर 'नको, सिझरच करू' म्हणतो, त्यामागे लोभच असतो असं नाही. अमेरिकेतल्या लहान गावांची अडचण इथेही आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ रात्रंदिवस असतो, रक्तपेढी आवारातच असते, त्यामुळे तिथे ही संधी जास्त मिळू शकते.

त्यात आपल्या रीतीची एक भर. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं बहुधा सासरी किंवा नोकरीच्या गावी. पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात राहतं किंवा घर बदलताना हरवतं. त्या कार्डावर 'एलएससीएस' लिहिलेलं असलं तर छेद खालच्या भागात होता. सिझर का झालं, तेही तिथे असतं: बाळ पायाळू होतं, ठोके कमी झाले, की कळा देऊनही पिशवीचं तोंड उघडलं नाही. बाळ पायाळू म्हणून झालेलं सिझर पुढच्या खेपेला आड येण्याची शक्यता कमी. आधी एखादं नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल तर यशाचं प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जातं. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर मात्र व्रण फाटण्याचा धोका वाढतो. हे कार्ड सातव्या महिन्यापर्यंत शोधून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं, आणि रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतो, रक्त कुठून येतं, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं. कळा सुरू झाल्यावर हे विचारायला कुणालाच सवड नसते.