'इंडी' हा शब्द आला कुठून?
'इंडी' म्हटले की आज गिटारचा एक विशिष्ट बाज आठवतो. मूळ प्रश्न मात्र वितरणाचा होता. जानेवारी १९७७मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सनी सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' या चार गाण्यांच्या तबकडीच्या १,००० प्रती स्वतःच काढल्या. पण दूरच्या गावातील श्रोत्याला ती सापडणार कशी? लंडनच्या 'रफ ट्रेड' या दुकानाने टपालाने व इतर छोट्या दुकानांमार्फत ही वाट घडवली. पुढे त्याच दुकानाच्या लेबलवरील पहिला अल्बम, बेलफास्टच्या स्टिफ लिटल फिंगर्सचा, १९७९मध्ये ब्रिटनच्या यादीत १४व्या क्रमांकावर पोहोचला. १९८०मध्ये स्वतंत्र 'इंडी' यादी सुरू झाली. तिच्यातील प्रवेश शैलीवरून नव्हे, वितरकावरून ठरे. म्हणूनच त्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोगचे निखळ पॉपही तिथे दिमाखात विराजमान झाले!