एका घरांत दोन कारभारी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला. त्याच्या बरोबर सहा दिवस आधीं, २५ जून १९९८ रोजीं, अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज ९८' ही ऑपरेटिंग सिस्टिम बाजारांत आणली. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं एक संबंध नाहीं, हें मी आरंभींच कबूल करतों. परंतु आमच्या गांवांत ज्या मुलांनीं त्या सुमारास प्रथम घरांत संगणक पाहिला, त्यांच्या मनांत जिल्हा आणि तें यंत्र यांची सांगड कायमची पडून गेली आहे. मी त्यांपैकीं एक.

ऑपरेटिंग सिस्टिमला घरचा कारभारी म्हटलें तर चालेल. पडदा, कळफलक, तबकडी, ध्वनि या सर्वांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला घरगुती संगणक विकावयास काढला, तेव्हां त्यावर जो कारभारी आला त्याचें नांव डॉस. हा गृहस्थ मोठा सैल. खेळ लिहिणारे त्याला बाजूस सारून स्वतःच पडद्याच्या स्मृतींत रंग भरीत, ध्वनीच्या कार्डाशीं परभारें बोलत. जागा म्हणाल तर ६४० किलोबाइट. तेवढ्यांत बसण्यासाठीं त्यांनीं ज्या युक्त्या केल्या त्यांना तोड नाहीं. पण त्या युक्त्यांमुळेंच ते खेळ त्या एका कारभाऱ्याशीं बांधले गेले.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा त्यांतला शिरोमणि. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें आणि एकेका चित्रावरून राजपुत्राची आकृति उठविली. १९८९ सालीं हा खेळ ॲपल २ या यंत्राकरितां निघाला; डॉसवर तो त्यानंतर आला. साठ मिनिटांत तळघरें ओलांडून राजकन्येपर्यंत पोहोंचावयाचें. जो वेळेंत पोहोंचे त्याचें नांव आणि त्याचा उरलेला वेळ एका चिमुकल्या फाइलींत नोंदला जाई. आमच्या संगणकावरील त्या यादींत सर्वांत वर दादाचें नांव होतें. खालीं दोनदां माझें.

विंडोज ९८ च्या पोटांत डॉस जिवंत होता. एक आज्ञा दिली कीं रंगीत खिडक्या मिटत आणि तो जुना काळा पडदा पुढें येई. म्हणून आमचें सुखांत चाललें होतें. पण २५ ऑक्टोबर २००१ रोजीं विंडोज एक्सपी आली आणि घरांत मतभेद सुरू झाला. वडिलांना मराठींत लिहावयाचें होतें. ९८ मध्यें देवनागरी लिहिणें म्हणजे रोमन अक्षरांवर चढविलेला मराठी मुखवटा. तो विशिष्ट फाँट दुसऱ्या यंत्रावर नसला कीं पत्राचा केवळ गिचमिड कचरा दिसे. एक्सपींत युनिकोडची देवनागरी होती, मंगल नांवाचा फाँट होता. उलट एक्सपीचा कारभारी कडक, एनटी घराण्यांतला. यंत्राला परभारें हात लावूं पाहणाऱ्या खेळास तो उंबऱ्यावरच अडवी; कांहींना आंत घेई, पण त्यांचा आवाज बसे.

तोड निघाली ती आपल्याकडे निघते तीच. वाटणी. एका तबकडीचे दोन भाग करावयाचे, एकांत ९८, दुसऱ्यांत एक्सपी. संगणक सुरू करतांच पडद्यावर दोन ओळी दिसत आणि तीस सेकंदांत कोणाच्या राज्यांत जावयाचें तें आपण ठरवावयाचें. हें ऐकावयास सोपें आहे. पण यांत एक दंडक होता : जुना कारभारी आधीं बसवावा, नवा मागाहून. नव्याला जुन्याची ओळख असते. तो दाराशीं त्याचेंही नांव लिहितो. जुन्याला मात्र आपल्यामागून कोणी जन्मास येईल याची कल्पनाच नसते. तो मागाहून आला तर दारावरील पाटी पुसून एकटें आपलेंच नांव लावतो. शिवाय पहिला भाग फॅट ३२ या जुन्या पद्धतीनें आंखावा लागे, कारण एक्सपीची एनटीएफएस ही लिपि ९८ ला वाचतां येत नसे. स्मृति ५१२ मेगाबाइटांच्या पलीकडे गेली तरी ९८ ची तारांबळ उडे. एरवीं यंत्र जितकें श्रीमंत तितकें बरें. येथें श्रीमंतीच आड येई.

२००२ च्या उन्हाळ्यांत हा उद्योग मीं केला. दादा तेव्हां सुरतेस नोकरीला होता. मिरच्यांच्या हंगामांतला आमच्या गांवचा ठसका ओसरला होता, पण भारनियमन होतें. दिवे गेले कीं ९८ पुढच्या वेळीं निळा पडदा दाखवून सारी तबकडी तपाशीत बसे. मीं तबकडीची वाटणी करणारी आज्ञा चालविली. सर्व मजकूर जाईल अशी स्पष्ट सूचना तिनें दिली होती. ती मीं वाचली आणि होकार दिला. वडिलांचीं पत्रें मीं आधीं फ्लॉप्यांवर उतरून घेतलीं होतीं. खेळही घेतला होता. ती यादीची फाइल तेवढी राहिली. फ्लॉपीच्या एका कोपऱ्यांत मावली असती ती. दादाला हें दिवाळींत कळलें. तो रागावला नाहीं. 'बरें झालें, आतां तुझें नांव वर येईल,' एवढें म्हणाला, आणि त्यानें पुढें कित्येक वर्षें तो खेळ उघडला नाहीं.

जगांत मात्र या वस्तु जपणारे लोक निघाले. त्याच २००२ सालीं डॉसबॉक्स नांवाचा कार्यक्रम प्रथम बाहेर पडला; तो नव्या यंत्राच्या पोटांत एक खोटा जुना संगणक उभा करतो. पुढें चौसष्ट बिटांच्या विंडोजनें सोळा बिटांचे जुने कार्यक्रम चालविण्याचेंच नाकारलें, तेव्हां हाच आधार उरला. ९८ ची देखभाल कंपनीनें २००६ च्या जुलैंत थांबविली, एक्सपीची ८ एप्रिल २०१४ रोजीं. २०१२ मध्यें मेकनरच्या वडिलांना घरांतील अडगळींत मुलाच्या खेळाच्या मूळ लिखाणाच्या तबकड्या सांपडल्या. जाणकारांनीं त्या मोठ्या खटपटीनें वाचल्या आणि तें लिखाण सर्वांस खुलें झालें. वीसएक वर्षांच्या चुंबकी तबकड्या वाचल्या जाव्यात, हें नशीबच म्हणावयाचें. २०१५ च्या आरंभीं इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनें डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ घरबसल्या खेळतां येतील असे मांडून ठेविले.

मग दोन कारभाऱ्यांची ती खटपट आतां कोणी करावी काय? डॉसच्या खेळांपुरतें विचाराल तर नाहीं. पण १९९६ ते २००० च्या दरम्यानचे जे खेळ थ्रीडीएफएक्स कंपनीच्या चित्रकार्डांसाठीं लिहिले गेले, त्यांची खरी चाल मूळ यंत्रावरच पाहावी असें माझें मत आहे. आणि आजच्या यंत्रांस ९८ ओळखतच नाहीं, म्हणून जुना डबाच जपावा लागतो. आमचा माळ्यावर आहे. त्याची वाटणी अजून मोडलेली नाहीं.

गेल्या दिवाळींत दादा आला होता. मीं माझ्या नव्या संगणकावर डॉसबॉक्स उघडून त्याच्यापुढें ठेविला. पहिलीं चार तळघरें त्यानें न अडखळतां ओलांडलीं. बोटांना वाटा पाठ होत्या. पुढें मात्र वेळ चुकूं लागली. आठव्या तळघरांत साठ मिनिटें संपलीं. त्यानें चष्मा पुसला आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला. यादींत अद्याप कोणाचेंच नांव नाहीं.