कॅस्केड : १६ वर्षं थांबलेलं वाण

बिअरला कडूपणा आणि वास येतो हॉप्सच्या मादी वेलाच्या फुलांमुळं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात, कॉर्व्हॅलिसच्या सरकारी पैदास कार्यक्रमात १९५६ सालचं एक रोप होतं. द्राक्षवाल्यांना डाऊनी माहीत आहे, तसलाच रोग हॉप्सवरही येतो. हे रोप त्यापुढं बऱ्यापैकी टिकायचं. तरी 'कॅस्केड' नावानं वाण बाहेर पडायला १९७२ उजाडलं.

वास मोसंबी-पपनसासारखा. पण तिथं खप होता सौम्य बिअरचा.

१९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करायला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. हौशी लोक हॉप्स सढळ हातानं वापरू लागले. उकळीच्या सुरुवातीला टाकले की कडूपणा, शेवटी टाकले की वास. कॅलिफोर्नियात चिको गावचा केन ग्रॉसमन असाच घरी बिअर करणारा. त्याच्या सिएरा नेवाडा कंपनीनं १९८० मध्ये कॅस्केड घालून 'पेल एल' काढली, आणि हा वासच अमेरिकन पेल एलची ओळख झाला.

वाण तेच होतं, गिऱ्हाईक बदललं. म्हणून नवं वाण लावताना उतारा आणि रोग बघाच, पण घेणार कोण, हेही आधी विचारा.